बेस हैदराबाद, राहणार पनवेल

पनवेलला विमानतळ होणार, हे ऐकत ऐकत मी एसटीतून निवृत्त झालो. मग उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं हलवली. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी प्रवासी विमानं उडू लागली. कमळाच्या आकाराची इमारत आहे, ३,७०० मीटरची धावपट्टी आहे. आमच्या घरापासून हे सगळं इतकं जवळ आहे की रिक्षावाले भाडं नाकारतात. सुरुवातीचे काही आठवडे विमानतळ सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच उघडा असे. आमचा डेपो रात्रीही उघडा असतो. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या माणसाला जम बसवायला वेळ द्यावा.

माझी तक्रार एवढीच की आमची मुलगी वैमानिक आहे आणि तिची नेमणूक हैदराबादला आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिचं प्रोबेशन अजून संपायचं आहे. कंपनी लहान आहे आणि लहान गावांना जाते. विमान एटीआर ७२, सत्तरेक माणसांचं, दोन पंख्यांचं. पंखे बाहेरून दिसतात हा या विमानाचा सामाजिक दोष आहे. मुलगी वैमानिक म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो, तो विमानाचा फोटो दाखवल्यावर उतरतो. एका स्थळाकडून तर निरोप आला, "एअरबस मिळाली की कळवा." आम्ही कळवणार नाही आहोत.

मी वाहतूक नियंत्रक होतो. कंट्रोल केबिनमध्ये बसून चालक-वाहकांच्या ड्युट्या लावणं हे माझं काम. कोणाला अलिबाग, कोणाला महाड, कोण स्पेअर, कोणाची मुक्कामी गाडी, कोणाची साप्ताहिक सुट्टी, हा सगळा संसार एका चार्टवर मावत असे. त्यामुळे मुलीचं पहिलं रोस्टर मोबाइलवर आलं तेव्हा मी चष्मा पुसून बसलो आणि मला कळलं की हे काम मला येतं. विमानाचे लोक ज्याला लेओव्हर म्हणतात, ती आपली मुक्कामी गाडी. स्टँडबाय म्हणजे स्पेअर. ज्येष्ठता यादी म्हणजे ज्येष्ठता यादी, तिला त्यांनाही दुसरं काही सुचलेलं नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली, तेव्हापासून हे शास्त्र महाराष्ट्रात उपलब्ध आहे. आमच्याकडे कोणी शिकायला आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

फरक एकच सापडला. आमच्या चार्टवर पहाटे चार म्हणजे पहाटे चार असत. मुलीच्या रोस्टरवर वेळ ग्रिनिचची असते. विमान वाहतुकीचं सगळं जग त्याच घड्याळावर चालतं, आणि ते आपल्या मागे साडेपाच तास आहे. म्हणजे रोस्टरवर २३:१० असेल तर मुलीने दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी हजर व्हायचं. तारीखही बदलते. बायकोला हे कळेपर्यंत आम्ही दोघांनी बरेच फोन चुकीच्या वेळी केले आणि मुलीने ते झोपेतून उचलले. आता स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. पाहुणे विचारतात, एक बंद आहे का? हिने "ते लंडनचं" असं सांगायला सुरुवात केल्यापासून, मुलगी लंडनला असते अशी बातमी आमच्या सोसायटीत पसरली आहे. ती खोडून काढणं मला जड जातंय, कारण लंडनहून माणसं घरी जास्त वेळा येतात.

रोस्टरवर गावांची नावंही नसतात, तीन अक्षरं असतात. नांदेड एनडीसी, जळगाव जेएलजी, कोल्हापूर केएलएच, इथपर्यंत माणूस समजू शकतो. पण सोलापूर एसएसई आणि नाशिक आयएसके? बेळगावला आयएक्सजी करून टाकलंय, म्हणजे सीमाप्रश्नात आणखी एक पक्ष. हिने फ्रिजवर तक्ता चिकटवला आहे. परवा भाजीच्या यादीतही तिने पनवेलऐवजी एनएमआय लिहिलं.

तर मूळ मुद्दा जाण्या-येण्याचा.

वैमानिक घरी कसा येतो याविषयी लोकांची एक ठाम कल्पना असते. तो विमान घेऊन येतो. आमच्या समोरच्या वहिनींना अजून वाटतं की मुलगी आली म्हणजे तिचं विमान कुठेतरी उभं असणार. प्रत्यक्षात तिला स्टाफ तिकीट मिळतं, त्याला ते लोक सबलो म्हणतात. याचा अर्थ असा की सगळे पैसे भरलेले प्रवासी बसले आणि तरी एखादी खुर्ची उरली, तर तिने बसावं. उरली नाही, तर पुढच्या विमानाची वाट पाहावी. तिथेही उरली नाही, तर त्याच्या पुढच्या. ती काउंटरच्या बाजूला उभी राहते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते की कोणाचं तरी विमान चुको. वैमानिकाने रोज असली प्रार्थना करणं व्यवसायाला शोभत नाही, असं तिलाच वाटतं. पण सुट्टीच्या दिवशी करते.

शिवाय त्या तिकिटाचा करार ज्या मोठ्या कंपनीशी आहे, तिचं हैदराबादचं विमान सांताक्रूझला उतरतं. नवी मुंबईला उतरणारं विमान करारात बसत नाही. म्हणजे मुलगी आकाशातून घराजवळून जाते, खिडकी मिळाली तर तिला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, आणि मग ती पुढे मुंबईला जाऊन तिथून परत पनवेलला येते. अंधेरीहून थेट पनवेल लोकल मोजक्या, नाहीतर वडाळ्याला बदलायची. रविवार असेल तर हार्बरवर मेगाब्लॉक, तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, म्हणजे तिच्या सुट्टीचा नेमका मधला भाग. टॅक्सीने यावं तर मानखुर्दपर्यंत एक रांग, खाडीपुलावर दुसरी आणि कळंबोली सर्कलला जेएनपीटीच्या कंटेनरांची तिसरी. अटल सेतूचा रस्ता झकास आहे, २१.८ किलोमीटर, पण एका फेरीचा टोल २५० रुपये, आणि तो घ्यायला आधी शिवडीपर्यंत जावं लागतं. हैदराबाद ते मुंबई दीड तास. मुंबई ते पनवेल किती, हे कोणतंही घड्याळ सांगू शकत नाही, लंडनचं धरून.

इथे सरकारने वैमानिकांच्या थकव्यासाठी काय काय केलं आहे, ते सांगायला हवं, नाहीतर मी एकांगी ठरेन. डीजीसीएने जानेवारी २०२४मध्ये नवे नियम काढले. कंपन्यांनी नाकं मुरडली, तारीख पुढे गेली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत ते लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, म्हणजे सरकारी हुकमाने सूर्य तासभर उशिरा उगवायला लागला. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे हा हिशेब जमवायला माणसंच पुरेनात, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. नियमात एक वाक्य असंही होतं की रजा ही साप्ताहिक विश्रांतीत धरता येणार नाही. ते वाक्य त्याच दिवशी मागे घेण्यात आलं. रजा आणि विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे देशाने थोडाच काळ मान्य केलं होतं.

हे नियम मी दोनदा वाचले. चांगले आहेत. चालकांसाठी १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा आम्ही पाठ केला होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि सगळी ड्युटी पसरून बारा तासांच्या आत. त्या कायद्याचा मोठेपणा असा होता की शेवटच्या थांब्यावर चालक नुसता हजर असला तरी पंधरा मिनिटांच्या आतली ती वेळ कामात धरायची. विमानवाल्यांचंही तसंच, घड्याळ रिपोर्टिंगपासून सुरू होतं. मिनिटांचा हिशेब आहे. किती लँडिंग केली, रात्रीचा कोणता भाग कामात गेला, विमान दुसरीकडे न्यायचं म्हणून प्रवासी होऊन बसली तरी ते ड्युटीत. फक्त ती स्वतःच्या घरी जायला प्रवासी होऊन बसली, तर तिने काहीच केलेलं नसतं.

त्या ४८ तासांचं असं होतं. शुक्रवारी रात्री ड्युटी संपते. त्या रात्री विमान नसतं, असलं तर खुर्ची नसते, म्हणून शनिवारी सकाळी काउंटर. दुपारी सांताक्रूझ, संध्याकाळी पनवेल. रविवारी दुपारी परत निघायचं, कारण सोमवारी पहाटेचं रिपोर्टिंग, आणि सबलोवर विश्वास ठेवून शेवटचं विमान धरणं म्हणजे प्रोबेशनशी खेळणं. उरलेल्या काळात ती झोपते. आम्ही तिला बघतो. रोस्टरवर या सगळ्याला एकच शब्द आहे, ऑफ.

आमच्या डेपोतही महाड-पोलादपूरकडचे चालक होते, जे ड्युटी संपली की घरी न जाता विश्रांतीगृहातच पथारी टाकत. घरी जाऊन यायला सुट्टी पुरत नसे. चार्टवर त्याचा रकाना नव्हता. या रोस्टरवरही नाही, आणि रोस्टर बनवणारं यंत्र परदेशातून आणलं आहे म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या आसपास एकही खुर्ची रिकामी मिळेना, आणि पूर्ण भाड्याचं तिकीट तिच्या त्या महिन्याच्या कर्जाच्या हप्त्याला स्पर्धा करायला लागलं. (वैमानिक व्हायला आधी २०० तास उडावं लागतं, त्यानंतर विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण वेगळं, आणि कॅप्टनच्या परवान्यासाठी किमान १,५०० तास. या तासांचं मीटर आमच्या कामोठ्याच्या वन-बीएचकेवर चाललं आहे.) शेवटी ती हैदराबादहून रात्रभर स्लीपर बसने आली आणि कळंबोलीला उतरली. देशातली विमानं चालवणारी मुलगी सोलापूर-पुणे करत रस्त्याने आली, याचं मला वाईट वाटलं नाही. ती खासगी ट्रॅव्हल्सने आली, याचं वाटलं. मी आयुष्यभर डेपोच्या गेटबाहेर ज्या गाड्यांचे प्रवासी पळवणारे एजंट हाकलले, त्याच गाडीचं तिकीट माझ्या टीव्हीवर ठेवलेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, सीट नंबर होता हो त्यावर." यावर मला उत्तर देता आलं नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत.

स्टँडबाय असली की ती हैदराबादच्या खोलीत युनिफॉर्म इस्त्री करून, फोन हातात धरून बसते. फोन आला नाही तर दिवस वाया आणि आला तर दिवस गेला. आमच्या स्पेअर चालकाला निदान डेपोच्या कँटीनमध्ये पत्ते खेळता येत. खोलीतल्या तिघीही वैमानिक आहेत आणि तिघींची ड्युटी वेगळ्या वेळेला, त्यामुळे त्या घरात कायम कोणीतरी झोपलेलं असतं आणि दिवा लावायची चोरी.

लोकलमध्ये खांद्यावरच्या पट्ट्या दिसल्या की नवी मुंबईत पहिला प्रश्न येतो, "मर्चंट नेव्ही का?" बेलापूर-खारघरकडे त्या शिक्षणाच्या संस्था भरपूर, त्यामुळे लोकांचा दोष नाही. दुसरा अंदाज असतो एअर होस्टेस. तिसरा, एका आजोबांचा, बँड पथक. आता ती वरून जॅकेट घालते, मे महिन्यातसुद्धा.

औषधाचं वेगळंच प्रकरण. उड्डाणाआधी श्वासाची चाचणी असते, आणि त्यात काही आढळलं तर पहिल्याच वेळी तीन महिने परवाना निलंबित. नियमात तोंड धुण्याच्या औषधापर्यंत सगळं येतं. हे कळल्यावर माझ्या आईचं कपाट तपासावं लागलं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, होमिओपॅथीचे थेंब, सगळ्यांत अल्कोहोल निघालं. पंचाऐंशीच्या वयात, आपण इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ काय घेत होतो हे ऐकून आई आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, "तरीच बरं वाटायचं." नात आली की ते कपाट बंद. नातीला खोकला झाला तर मीठ-पाण्याच्या गुळण्या.

सणांचं गणित ज्येष्ठतेवर. यादीत ती तळाला आहे, तेव्हा दिवाळी, पाडवा, गौरी-गणपती या दिवशी ती हमखास कोणत्या तरी एसएसईला असते. आमचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या पाच दिवसांचा. गेल्या वर्षी अपवाद झाला, तिला ऑफ मिळाले ते चतुर्थी आणि दुसरा दिवस. आम्ही दीड दिवसाचा केला. गुरुजींनी विचारलं, काही अडचण? मी म्हटलं, ४८ तासांचा नियम. त्यांना ते शास्त्रातलंच काही वाटलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

आणि हिच्या मोबाइलवरचं ते अ‍ॅप, ज्यात विमानं नकाशावर पिवळ्या किड्यांसारखी सरकतात. मुलीचं विमान सुटलं की ही मला हलवून उठवते, "अहो, निघालं." उतरलं की पुन्हा, "उतरलं." एकदा त्याने एका गावावर दोन चकरा मारल्या आणि हिने देव पाण्यात ठेवले. मुलीला नंतर विचारलं तर म्हणाली, धावपट्टीवर कुत्रं होतं. एवढ्या वर्षांत माझी महाबळेश्वरची गाडी आंबेनळी घाटात अडकली तेव्हा माझ्या चालकाच्या बायकोला काय करता येत असेल, हा विचार मी टाळतो.

एका सरकारी योजनेचंही सांगतो, कारण लहान विमानांचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. उडान योजनेची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, त्यात शिमला-दिल्लीबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२मध्ये थांबली. या धंद्यात मार्ग सुरू होतात, बंद होतात, दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू होतात, आणि मुंबईला लहान विमानांना सोयीची वेळ मिळत नाही म्हणून माणूस दुसरीकडचा बेस घेऊन बसतो. त्यामुळे "नवी मुंबईला बेस उघडणार" ही अफवा आली की आमच्या घरात पेढे आणायचे की नाही यावर चर्चा होते.

या वेळी अफवेबरोबर अर्जही आला. पसंतीची तीन ठिकाणं भरा. तिने तिन्ही ठिकाणी नवी मुंबई लिहिलं. संगणकाने ते स्वीकारलं नाही, तीन ठिकाणं वेगळी हवीत म्हणाला. मग तिने पहिली नवी मुंबई, दुसरी मुंबई आणि तिसरी जागा भरायची म्हणून पुणे लिहिलं. पुणे मिळालं. कारणाच्या जागी "ऑपरेशनल रिक्वायरमेंट". मी अशाच कारणाने दोनदा मुरुडला गेलेलो आहे.

पण मी खूश होतो. पुणं म्हणजे शिवनेरी. एसटीत १७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट, शिवनेरीतसुद्धा, आणि सीट नंबर छापून. मी मुलीला समजावून सांगितलं की तिची स्वतःची कंपनी तिला जागा देता येते का ते बघू म्हणते आणि राज्य सरकार निम्म्या पैशात नक्की देतं. तिचं पहिलं रिझर्व्हेशन मीच केलं, खिडकीचं, चालकाच्या मागे नाही.

मग पुण्याचं रोस्टर आलं. रिपोर्टिंग २३:१०. हिने भिंतीकडे पाहून पहाटे चार चाळीस सांगितलं. त्या वेळेला लोहगावला पोहोचायचं तर आदल्या रात्रीच जायला हवं. कंपनीची गाडी न्यायला येते, पण फक्त घरी, आणि घर त्यांच्या व्याख्येप्रमाणे शहराच्या हद्दीत असावं लागतं. लोणावळ्याच्या अलीकडचा पत्ता फॉर्ममध्ये टाकला की लाल होतो. तेव्हा विमाननगरला एक कॉट बघितली आहे, चार मुलींत. मालक म्हणतात, डिपॉझिट तीन महिन्यांचं, आणि रात्री दहानंतर गेट बंद.